तीन वर्षांचा लवाद

वाडी, नागपूर
१४ जून १९८७

ती. चंपतराव मामांस,
सुमतीचा सप्रेम जयभीम. वि. वि. प्रकृती ठीक आहे, हे आधी लिहिते. नाहीतर पुढचे वाचून मामी तेच आधी विचारतील.

काय घडले ते क्रमाने देते.

१. इतवारीच्या बाजार मंडळात मी दीड वर्ष संगणकाचे काम करते. दुकानदार आणि रस्त्यावर बसून विकणारे यांच्या भांडणांचे नियम सचिव महादेवरावांनी सांगितले, मी ते संगणकात घातले. तो प्रश्न विचारतो, मी दोन्ही बाजूंची उत्तरे टाइप करते, तो निकाल छापतो.

२. मे महिन्यात भांड्यांचे व्यापारी ताराचंद यांनी तक्रार केली की रुखमाबाई त्यांच्या दुकानापुढे चिंचा आणि कवठे घेऊन बसतात, त्यांना हटवावे.

३. संगणकाने विचारले, रुखमाबाई कधीपासून बसतात. १९५१. दुकान कधीचे. १९५९. वाट कोणाची अडते. एकमेकांची.

४. नियम असा होता की नंतर येऊन वाट अडवणारा हटेल. निकाल निघाला की ताराचंद यांचे दुकान हे रुखमाबाईंच्या पाठीमागे झालेले अतिक्रमण असून ते सात दिवसांत हटवावे.

५. ताराचंद बाजार तंटा न्यायालयात गेले. त्यांचे वकील देवराव यांनी मागणी केली की निकाल ज्याने दिला त्याला हजर करावे, उलटतपासणी घ्यायची आहे.

६. गुरुवारी संगणक हातठेल्यावरून न्यायालयात नेला.

७. न्यायाधीशांनी साक्षीदाराचे वय विचारले. खरेदीची पावती मार्च १९८४ ची आहे. वय तीन वर्षे, अल्पवयीन, अशी नोंद झाली.

८. अल्पवयीनाला न्यायालयात पालक लागतो. मला त्याची पालक नेमले आहे.

आठवा मुद्दा कसा झाला तेही सांगते. न्यायाधीशांनी मला विचारले की याची देखभाल कोण करते. मी म्हटले, मी. कारण रोज चालू करणे, धूळ पुसणे, वीज जाण्याआधी बंद करणे ही कामे माझीच आहेत. याच्याविरुद्ध माझा काही स्वार्थ आहे का, असे विचारले. नाही म्हटले. मग माझी हरकत आहे का, असे विचारले. मी म्हटले, तांत्रिक हरकत नाही. मला जे विचारले त्याचेच उत्तर दिले. ती संमती धरली जाईल हे लक्षात आले तेव्हा लेखनिकाने पान उलटले होते.

यंत्राला वय कसे लावता, असे महादेवरावांनी विचारले तेव्हा देवरावांनी मंडळाच्या दारावरची पाटीच पुरावा म्हणून पुढे ठेवली. तिच्यावर महादेवरावांनी हौसेने रंगवून घेतले आहे: बुद्धिमान संगणक, निःपक्ष न्याय. ज्याला बुद्धी आहे त्याला वय आहे, असे देवराव म्हणाले. मी संगणक शिकले तिथे याला फक्त नियमांचा संच म्हणतात. पाटी मला दाखवून रंगवलेली नव्हती.

अडचण ही की पुण्याच्या एका कंपनीचे नेमणूकपत्र आले आहे. १ ऑगस्टला हजर व्हायचे आहे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आणि आदेशात लिहिले आहे की पालकाने खटला चालू असेपर्यंत जिल्हा सोडू नये. खटला संपल्यावरही निकालाची जबाबदारी पालकावर राहील, मूल सज्ञान होईपर्यंत. म्हणजे मार्च २००२. तेव्हा मी चाळिशीत असेन. आईला यातले काही सांगितलेले नाही.

तुम्ही उमरेडच्या कोर्टात तीस वर्षे होता. काय करावे ते कळवा.

मामींना जयभीम. माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच पुरे, पण तो कमी होऊ देऊ नये.
आपली,
सुमती


उमरेड
१९ जून १९८७

चि. सुमतीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद. तुझं पत्र आलं. एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्यानं वाचलं, आणि तिसऱ्यांदा तुझ्या मामीनं वाचायला लावलं.

बाई, मी तीस वर्षं गावोगाव समन्स वाटले. लपलेले लोक कणगीतून काढले, एकाले तर लग्नात नवरदेव असताना मुंडावळ्यांतून हात घालून कागद दिला. पण ठेल्यावर बसून आलेला साक्षीदार काही पाहिला नाही. एकदा चोरीचा बैल कोर्टाच्या आवारात आणला होता, पण त्याचं वय दात पाहून काढलं, आणि त्याले कोणी पालक नाही दिला. उलट शिरस्तेदाराच्या धोतराचा सोगा त्यानं खाल्ला, तरी माफी झाली.

मामी विचारून राहिली, की लेकरू पोरगा आहे का पोरगी, आणि खाते काय. मी म्हटलं बिजली खाते. तर म्हणते, मग बरं हाये वं, दूध उतू जाची भीती नाही. तिनं शेजारच्या शोभाताईले सांगितलं. शोभाताईनं आणखी कोणाले सांगितलं असेल ते मी विचारलं नाही, पण काल किराणा दुकानात एकानं मला पेढे मागितले.

आता कामाचं. घाबरू नको. कायद्याचं पुस्तक मी निवृत्तीनंतर विकत घेतलं आहे आणि आता ते निवांत वाचतो, नोकरीत असताना फक्त पोचवत होतो. तू पुढच्या तारखेला उभी राहा आणि सांग की हे मूल नाही, हा तराजू आहे. तराजू वजन दाखवतो, त्याला कोणी आई-बाप नेमत नाही. एवढं म्हटलं की खेळ खलास. तुझं नाव कागदावरून निघेल. हे पक्कं समज, माझा शब्द आहे.

कागदावर नाव येणं वाईट, बाई. मी लोकांचे चेहरे पाहिले आहेत.

तुझ्या आईला मी काही बोललो नाही. लिंबाचं लोणचं घातलं आहे, कोणी येणारं असलं की पाठवतो.
इथं सगळ्यांची माया तुझ्यावर आहे, ती तू तिकडं वापरत जा.
तुझा मामा,
चंपतराव


वाडी, नागपूर
२८ जून १९८७

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. लोणचे पोचले. बरणी फुटली नाही.

तुमचा सल्ला मी गुरुवारी जसाच्या तसा वापरला. परिणाम असा झाला.

न्यायाधीशांनी तराजूची गोष्ट शांतपणे ऐकली. देवराव उठले आणि म्हणाले की बाईंचे म्हणणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. तराजू असेल तर वजन तराजूने केले नाही, तो ज्याने धरला त्याने केले. म्हणजे ताराचंद यांचे दुकान हटवा असा निकाल कुमारी सुमती यांनी दिला. त्यांची लवाद म्हणून नेमणूक झालेली नाही. तेव्हा अधिकार नसताना न्याय दिल्याबद्दल त्यांनाच प्रतिवादी करावे. ताराचंद मागच्या बाकावरून म्हणाले, मी पहिलेच म्हणत होतो, पोरगी चूप राहते पण करून बसते.

यावर न्यायाधीशांनी मला विचारले की यंत्र मूल आहे की तराजू, एकच काय ते सांगा, हो किंवा नाही. मी म्हटले, प्रश्न हो-नाहीचा नाही. ते म्हणाले, तुमचा संगणकसुद्धा असेच विचारतो, आम्ही त्याच्याकडूनच घेतले. साल आणि नाव सोडले तर हे खरे आहे. संगणक आल्यापासून या न्यायालयात सगळेच तसे विचारू लागले आहेत. वकील अर्जात जर आणि तर वेगवेगळ्या ओळींवर लिहितात. परवा एका साक्षीदाराने नाव विचारल्यावर हो म्हटले.

मूल म्हटले तर मी पालक. तराजू म्हटले तर मी आरोपी. तिसरे काही पुस्तकात नाही. मी हरकत मागे घेतली. हरकत मागे घेणे म्हणजे मातृत्व, म्हणजे पालकत्व, दुसऱ्यांदा मान्य करणे, असे नोंदले गेले. पहिला शब्द लेखनिकाचा होता, तो खोडला आहे पण वाचता येतो.

आदेशात आणखी भर पडली. अल्पवयीनाला सायंकाळी पाचनंतर आणि रविवारी कामाला लावू नये. तो तापतो म्हणून साक्षीच्या वेळी पंखा मंजूर. बाजार मंडळाच्या कामाचा खोळंबा झाला आहे, कारण व्यापारी भांडायला पाचनंतरच मोकळे होतात.

बाजारात वेगळेच चालू आहे. आधी आलेला जिंकतो हे कळल्यापासून इतवारीत प्रत्येकजण म्हातारा झाला आहे. पाट्या रंगवणाऱ्याकडे रांग आहे. चाळिशीच्या केळीवाल्याने गाडीवर स्थापना १९०२ असे लिहून घेतले. समोरच्या कापडवाल्याने १९०१ लिहिले. केळीवाल्याने आता सालच खोडून फक्त सर्वांत आधी असे लिहिले आहे. संगणकाला ही उत्तरे दिली तर तो काय निकाल देईल ते मी करून पाहिले. सगळी इतवारी एकमेकांवर अतिक्रमण आहे.

रुखमाबाई मला भेटल्या. त्या म्हणाल्या की मी दुकान हटवा असं कोणाले म्हटलं वं, त्याच्या दुकानाची सावली हाये म्हणून तर मी तेथी बसून राहिली. दुकान गेलं तर मी उन्हात मरू का. ताराचंदही आता थकले आहेत. दुपारी ते जेवायला जातात तेव्हा दुकानावर रुखमाबाईच लक्ष ठेवतात, गेली कित्येक वर्षे. दोघांनी तडजोड लिहून आणली. न्यायाधीशांनी ती घेतली नाही. अल्पवयीनाचे हित ज्यात गुंतले आहे अशी तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय होत नाही, आणि आपला निकाल रद्द होण्यात मुलाचे हित आहे का, हे तपासावे लागेल. तुमच्या पुस्तकात पाहा, तसे कलम आहे.

एक वाट आहे. पालकाला मोकळे होता येते, पण आपल्या जागी योग्य माणूस दिल्यावरच. त्याचा या भांडणात स्वार्थ नसावा आणि कोर्टाचे काम त्याला माहीत असावे.
तुमच्या माहितीत असा कोणी असेल तर कळवावे.

लोभ नेहमीच्या मापाने चालू ठेवावा.
आपली,
सुमती


उमरेड
४ जुलै १९८७

चि. सुमतीस,
मामाचे आशीर्वाद, थोडे ओशाळलेले. तराजूचं चुकलंच. पण सल्ला चांगला होता, त्या देवरावानं तो उलटा धरला. वकिलाच्या हाती सरळ काठी दिली तरी तो तिचा साप करतो.

तुझ्या पत्रावर मी खूप विचार केला. योग्य माणूस म्हणतेस तर तुमचे महादेवराव काहून नाही? पाटी त्यांचीच आहे. नाहीतर रुखमाबाईच घ्या, बाईमाणूस आहे, पाच लेकरं वाढवली असतील. नाहीतर देवराव स्वतः. ज्यानं वय काढलं त्यानंच बारसं करावं.

आणि त्याहून चांगली युक्ती सापडली. मुलाला सज्ञानच करून टाक! तू एकदा म्हणाली होतीस की माणसाला महिना लागेल असा हिशेब तो चहा होईपर्यंत करतो. मग त्याचं वय आपल्या वर्षांनी काहून मोजायचं? त्याच्या कामानं मोज. अठराच्या कितीतरी वर जाईल. मोठा झाला की आपला आपण उभा राहील, आणि तू पुण्याला जा. हे मात्र पक्कं आहे.

इकडं सगळं ठीक. शोभाताईच्या घरी पाहुणे आले होते, त्यांना मामीनं चहा दिला. मामीचं कपाळ दुखून राहिलं होतं, आता बरं आहे. रुपरावाच्या दुकानात नवीन रेडिओ आला. मामी म्हणत होती की तुम्हीच काहून नाही होत त्या लेकराचे पालक, घरी रिकामेच तर बसले हा. मी तेव्हा बाहेर जायच्या घाईत होतो, म्हणून नीट ऐकू आलं नाही. ती असंही म्हणते की मागची खोली रिकामी आहे, यंत्राले तिथं ठेवू, धूळ लागू नाही म्हणून ती उशीच्या खोळीसारखी खोळ शिवून देईल. बाईलोकांना काय, त्यांना कागदाची भीती माहीत नाही. मी एवढे कागद वाटले पण आजवर एक स्वतःच्या नावाचा घेतला नाही. निवृत्तीचं मानपत्र देत होते तेव्हाही मी मामीला पुढं केलं. लोक हसले. हसू दे.

पेरूची कलमं लावली आहेत.
आमच्याकडून माया कमी पडली असं कधी वाटलं तर कळव, मामी वेगळी पाठवेल.
तुझा मामा,
चंपतराव


वाडी, नागपूर
१२ जुलै १९८७

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि. मामींचे कपाळ बरे झाले हे वाचून बरे वाटले.

तुम्ही सुचवलेल्या नावांबद्दल. महादेवराव चालत नाहीत, कारण मंडळ यंत्राचे मालक आहे आणि मालकाचा स्वार्थ असतो. रुखमाबाई स्वतः पुढे आल्या होत्या, एवढे पोसले त्यात हे एक, असे न्यायाधीशांना म्हणाल्या. पण त्या खटल्यातल्या पक्षकार आहेत. देवरावांना मी विचारले नाही.

वयाची युक्ती परवाच्या गुरुवारी मांडली. कामाचा हिशेब करून दिला. देवराव म्हणाले की या मापाने साक्षीदार काही हजार वर्षांचा होतो, आणि इतक्या वयात त्याची बुद्धी शाबूत आहे याला पुरावा काय. अति वृद्ध आणि भ्रमिष्ट पक्षकारालाही पालक लागतोच. न्यायाधीशांनी विचारले की मला तीन वर्षांचे मूल सांभाळणे सोपे वाटते की हजार वर्षांचा म्हातारा. मी मूल म्हटले. तेही नोंदले गेले.

त्यानंतर जे झाले ते तुम्हाला नीट समजले पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते.

पालक बदलायचा तर मुलाचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे न्यायाधीशांनी आधीच्या तारखेलाच सांगून ठेवले होते. पंखा लावला. न्यायाधीशांनी प्रश्न सांगितला, मी टाइप केला: सध्याच्या पालकांना मोकळे करावे का. संगणकाकडे या प्रश्नाचा नियमच नाही. जिथे नियम किंवा उत्तर नसेल तिथे हो किंवा नाही न म्हणता माहिती अपुरी असे छापावे, असे मी दीड वर्षापूर्वी त्याला शिकवले होते. महादेवरावांना ते तेव्हा आवडले नव्हते. लवादाने असे कसे म्हणायचे, असे ते म्हणाले होते. ती ओळ मी आदल्या दिवशी बदलू शकले असते. त्याने हो छापले असते आणि मी आज मोकळी असते. वाडीच्या या खोलीत बसून मी तो विचार केला, हे तुमच्यापासून लपवत नाही. बदलली नाही. तो जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणतो, एवढाच त्याच्यात चांगला भाग आहे, आणि तो मी केला आहे.

त्याने माहिती अपुरी असे छापले.

न्यायाधीशांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणाले की माझ्यापुढे आजवर आलेल्या साक्षीदारांत ठाऊक नाही असे आपणहून म्हणणारा हा पहिलाच. मग आदेश सांगितला: मुलाचे संगोपन उत्तम झाले आहे, याचे श्रेय पालकांना आहे, आणि अशा पालकांना सहजासहजी मोकळे करणे मुलाच्या हिताचे होणार नाही. ताराचंदांनी टाळ्या वाजवल्या. रुखमाबाईंनी माझ्या ओंजळीत चिंचा घातल्या. देवरावांनी माझे अभिनंदन केले, आणि ते मनापासून होते. तेवढ्या गर्दीत माझ्या लक्षात आले की मी हे काम वाईट केले असते तर सुटले असते.

बाहेर पडताना न्यायाधीशांनी मला थांबवून विचारले की घरात कोणी वडीलधारे आहेत का, कोर्टाची माहिती असलेले. असे कोणी २३ जुलैच्या तारखेला स्वतः हजर राहिले तर ते विचार करतील. नाही आले तर सध्याचा आदेश कायम होईल.

मामा, तुम्ही कामाच्या सगळ्या गोष्टी लिहिल्या, फक्त एक लिहिली नाही. मामींचा प्रश्न तुम्हाला ऐकू आला होता. आला नसता तर तुम्ही तो शब्दाला शब्द लिहिला नसता.

पालक झाल्यावर काय करावे लागेल ते सांगते. आदेशाचा एक कागद तुमच्या हातात देतील आणि तुम्ही तो घ्यायचा. तडजोडीला परवानगी मागायची. ती मिळेल, कारण दोन्ही पक्षांना तीच हवी आहे. नंतर वर्षातून एकदा न्यायालयात येऊन यंत्र आहे तसे आहे असे सांगायचे. ते मंडळाच्या कार्यालयातच राहील. मागची खोली रिकामी करायची गरज नाही, मामींना खोळ शिवायची असेल तर माप देते. नियमांत काही बिघडले तर मी पुण्याहून येऊन दुरुस्त करीन. निकालाचा दोष माझा राहील, हे मी लिहून देते. कागदावर फक्त नाव तुमचे असेल.

हे मी दुसऱ्या कोणाजवळ बोलले नाही. मला पुण्याला जायचे आहे. नोकरीसाठी लागते म्हणून नाही. तिथे जे काम आहे ते मला करायचे आहे, आणि ते मी चांगले करीन. ही गोष्ट मी आतापर्यंत एकाही पत्रात लिहिली नव्हती, कारण विचारली गेली नव्हती.

तुम्ही हो म्हटले नाही तर मी समजू शकते. त्यामुळे तुमच्याबद्दल माझे मत बदलणार नाही. पण मग मला दुसरे कोणी नाही, आणि हे न सांगणे बरोबर झाले नसते.

मामींना जयभीम. लोभ आहे हे मी धरून चालते. या वेळी तो मला सहीच्या रूपात हवा आहे.

तुम्ही २३ तारखेला येणार की नाही, ते एका ओळीत लिहा. पत्र मला सोमवार, २० जुलैपर्यंत मिळावे.

आपली,
सुमती